देवीचा मुखवटा आणि सगळ्यांचा भाचा

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवते ती कानांनी. पोलीस ठाण्यात मी आयुष्यभर नाना आवाज ऐकले. शिव्या ऐकल्या, शपथा ऐकल्या, वकिलांचं इंग्रजी ऐकलं. पण अंधेरीच्या आमच्या ठाण्यात एका दुपारी जे दोन शब्द ऐकले, तसे पुन्हा कधी ऐकले नाहीत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा फौजदार होतो. सकाळची हजेरी उरकून चहाचा कप तोंडाला लावतो तोच दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. धोतर, काळी टोपी, पायांत काही नाही. दोन्ही हात छातीशी धरलेले, जणू हातांत अजून काहीतरी आहे.

"साहेबानू, आमची देवी गेली," ते म्हणाले आणि मटकन बाकावर बसले.

पाणी दिलं, बोलतं केलं. कोकणातल्या एका गावचे ते मानकरी, गाव त्यांना तात्या म्हणे. देवीच्या चांदीच्या मुखवट्याला कानापाशी चीर गेली होती. घाटकोपरला गावकऱ्यांचं मंडळ होतं, त्यांनी सोनार ठरवला होता. जत्रा तोंडावर आलेली. मुखवटा बोचक्यात बांधून तात्या एसटीने निघाले. मुंबईला येण्याची ही पहिलीच खेप. मंडळाची माणसं चेंबूरला घ्यायला येणार होती. पण पहाटे तात्यांचा डोळा लागला आणि गाडी त्यांना घेऊन थेट बोरिवलीला, शेवटच्या थांब्यावर गेली.

तिथे एक माणूस पुढे झाला. "तात्यानू, खंयसून इलात? खंय जावचा आसा?"

परक्या शहरात, इतक्या गोंगाटात, आपली बोली! तात्यांना देव भेटल्यासारखं झालं. दहा पावलांत त्याने त्यांचं गाव, वाडी आणि देवीचं नाव काढून घेतलं. घाटकोपरपर्यंत पोचवतो म्हणाला. बोरिवलीहून बसने अंधेरीला आणलं. पुढची बस आली तेव्हा म्हणाला, "तुमी चढा, मी बोचक्या वर देतंय." तात्या चढले. कंडक्टरने दोनदा घंटी दिली. बस सुटली. बोचकं आणि तो माणूस, दोघंही खालीच राहिले.

"दिसायला कसा होता?" मी विचारलं.

"डोळ्यांत मोतीबिंदू, साहेबानू. दिसता ता धुक्यातला. पण तो आमच्यातलोच. बोलणा खोटा नाय."

झालं! शहरात लाखो कोकणी माणसं, आणि वर्णन काय, तर बोलणं खरं!

फिर्याद लिहून घेतली. तात्यांना मंडळाच्या हवाली करायला माणूस बोलावला, पण ते हलेनात. "गावात खंयच्या तोंडान जाव? जत्रेक आईच नाय, तर मी कशाक?" ते हे अगदी शांतपणे म्हणाले. नोकरीत एक शिकलो होतो: आरडाओरडा करणाऱ्यावर लक्ष ठेवायचं नसतं, असं शांत बोलणाऱ्यावर ठेवायचं असतं. त्यांना ठाण्यातच मागच्या खोलीत ठेवून घेतलं.

आमच्या हवालदाराचा एक खबरी बोरिवलीच्या स्टँडबाहेर पानाची गादी चालवायचा. संध्याकाळी त्याने खबर दिली. "हवालदारसाहेब, एक बेणं रोज सकाळी कोकणच्या गाड्यांना हजर असतंय. हमाल नाही, कुणाचा पाव्हणा नाही, पण उतरणाऱ्या प्रत्येकाचा भाचा!"

दुसऱ्या दिवशी साध्या वेशात सापळा लावला आणि भाच्याला उचललं. तिशीचा, अंगाने सडपातळ, चेहरा कुणालाही आपला वाटेल असा. पण तोंड उघडलं ते हिंदीत.

"साब, मैं इंदौर का. मालवणी-फालवणी मेरेको नहीं आती."

मी फिरवून फिरवून विचारलं. हवालदार स्वतः मालवणचा, त्याने मध्येच मालवणीत एक सणसणीत शिवी हासडून पाहिली. भाच्याची पापणी हलली नाही. तात्यांना आवाज ऐकवला. त्यांनी मान हलवली. "ह्यो न्हय. तो आमच्यातलो." पानवाला साक्षीला यायला तयार नव्हता. झडतीत काही मिळालं नव्हतं, आणि राहायचं ठिकाण पठ्ठ्या 'फुटपाथ' सांगत होता. हवालदाराची नजर खुंटीवरच्या पट्ट्याकडे गेली. मी नको म्हणालो. मार खाऊन कबूल करणारा बहुतेकदा मारणाऱ्याला हवं तेच सांगतो. पण संध्याकाळी त्याला सोडावं लागणार हेही मला दिसत होतं.

तेवढ्यात तात्या म्हणाले, "साहेबानू, माका गाऱ्हाणा घालूक देशात?"

मी माणदेशी माणूस. म्हटलं, "अहो तात्या, कालच घातलंत की! फिर्याद लिहून घेतली ना तुमची?"

हवालदार हसला. मग त्याने समजावलं: कोकणात मानकरी देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेली माणसं एका आवाजात होकार भरतात.

ठाण्यात कोनाड्यात गणपतीची तसबीर होती. हवालदाराने नारळ आणला. कोकणातले चारपाच शिपाई टोप्या सारख्या करून मागे उभे राहिले. भाचा भिंतीशी बाकावर. तात्यांनी डोळे मिटले, आणि इतका वेळ पुटपुटणाऱ्या त्या देहातून असा काही आवाज निघाला की बाहेर तक्रारीला आलेली माणसं दाराशी गोळा झाली.

"बा देवा म्हाराजा! तुझा लेकरू परमुलखात उभा आसा, तेच्याकडे बघ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शिपाई म्हणाले.

"आई आमची खंय आसात थंयसून तिका घराक आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी भाच्याकडे पाहत होतो. त्याची मान खाली होती, पण मांडीवरचे हात एकमेकांत गेले होते.

"जेना कोणी तिका नेल्यान आसात, तेच्या पोराबाळांक सुखी ठेव, आणि तेका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी एक आवाज जास्त होता. आणि तो सगळ्यांत खणखणीत होता.

शिपाई वळले. भाचा उभा राहिला होता, हात जोडून. त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. तात्या डोळे न उघडता म्हणाले, "ह्योच तो."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. "काय रे, इंदूरला पण असंच म्हणतात?"

तो खाली बसला आणि रडायला लागला. मालवणीत रडला, असं हवालदार नंतर सगळ्यांना रंगवून सांगायचा.

मुखवटा गोवंडीला त्याच्या खोलीत मिळाला. पंचांसमक्ष फळीवरून उतरवला. कोऱ्या कापडावर ठेवलेला, पुढे जास्वंदीचं ताजं फूल. बोचक्यात कपडे असतील, फार तर एखादा दागिना असेल, असं त्याला वाटलं होतं. उघडलं तर आत देवी. विकायचं धाडस होईना, परत करायचंही होईना. पंचनामा लिहिताना हवालदार अडला.

"साहेब, फुलाचं काय करू?"

"लिही," मी म्हणालो. "होतं ना? मग लिही."

मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही. तोवर देवी आमच्या मुद्देमाल खोलीत राहिली, जप्त केलेल्या सुऱ्या आणि हातभट्टीच्या डब्यांशेजारी. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या खोलीबाहेर शिपायांचे बूट दिसायला लागले. मीही काढत असे, उगाच कशाला!

हुकूम आला, मंडळाची माणसं आली. जत्रा अजून व्हायची होती. भाचा अजून आमच्याच कोठडीत होता. मुखवटा छातीशी धरून तात्या जाता जाता गजांसमोर थांबले.

या खटल्याने मला काय शिकवलं, असं विचारतात. शहरात नव्याने आलेल्यांना मी पुढे कायम बजावत राहिलो की अनोळखी माणसाला सामान देऊ नका. पण तात्यांनी अनोळखी माणसाला दिलंच नव्हतं. परमुलखात कानाला ओळखीची वाटणारी बोली हीच त्यांची ओळखपाळख होती. भाच्याने तिच्यावरच धंदा मांडला होता, आणि तीच त्याच्या तोंडून निसटली. ती त्याने सोडली होती. तिने त्याला सोडलं नव्हतं.

गजांसमोर तात्यांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक वाटेक लाव रे म्हाराजा!"

शिपाई एकमेकांकडे बघत राहिले. चोरासाठी कोण होकार भरणार? भाच्याची मान वर होईना. म्हातारा तसाच डोळे मिटून वाट पाहत उभा.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. उच्चार चुकला असावा. कुणी हसलं नाही.