मागच्या चाकातलं तेल

सायकल बाबांची होती, माझ्या जन्माच्या आधीची. मी अकरावीला साकोलीच्या कॉलेजात गेले तेव्हा ती मला मिळाली. सोबत एक अट होती. बाबा म्हणाले, "ज्या दिवशी रस्त्यात अटकशील, त्या दिवसापासून कालेज बंद." बाबा एकदा बोलले की तो विषय घरात पुन्हा निघत नसे.

मी वहीच्या शेवटच्या पानावर यादी केली. सोमवारी हवा, बुधवारी ब्रेकचे रबर, शनिवारी चेन पुसून तेल घालणे. पाना आणि पंक्चरचं सामान कायम पिशवीत. दीड वर्षात एकदाही अडकले नाही. बारावीची परीक्षा जवळ आली होती.

त्या हिवाळ्यात आई सायकलला तेल घालू लागली. याआधी तिने सायकलला कधी हात लावला नव्हता. संध्याकाळी मी हातपाय धुवायला गेले की ती वाटी घेऊन मागच्या चाकाशी बसायची. "तू दोन घास खाते, चाकाले बी काई पाह्यजे ना वो," म्हणायची. मला बरं वाटलं. यादीतलं एक काम कमी झालं, असं समजले. वाटीत कुठलं तेल आहे हे बघितलं नाही. ती चूक माझी.

एका दुपारी कॉलेजातून निघाले आणि हायवेला लागण्याआधीच पायडल मोकळं फिरलं. चेन फिरत होती, चाक जागचं हलत नव्हतं. जवळच एक म्हातारे मिस्त्री बसत. सायकल त्यांच्याकडे लोटत नेली. दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं होतं, नाहीतर परीक्षा गेली.

मिस्त्रींनी अक्सलचे नट सोडले, चाक काढलं. "फ्रीव्हील गेली. माहा खांदा धरला बेटा, जोर तुलेच लावा लागन."

फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकावर आट्यांनी बसवलेली दात्यांची चकती. तिच्या पोटात लोखंडाचे दोन छोटे तुकडे असतात, मिस्त्री लोक त्यांना कुत्रे म्हणतात. पायडल मारलं की कुत्रे आतले दाते धरतात आणि चाक ओढलं जातं. माझे कुत्रे चिकटून बसले होते.

दोन दात्यांची चावी त्यांनी शिकंज्यात आवळली. फ्रीव्हीलच्या खाचा तिच्या दात्यांवर बसतील असं चाक आडवं ठेवलं. मी दोन्ही हातांनी रिंग धरून डावीकडे जोर लावला. पायडल मारून मारून फ्रीव्हील घट्ट झालेली असते, सहज सुटत नाही. तिसऱ्या खेपेला सुटली तेव्हा तळहात सोलले होते. आटे रॉकेलने पुसले. दुसरी फ्रीव्हील बोटांनीच, हळूहळू चढवली. आटे तिरके लागले तर चाकाच्या मधला अख्खा हब जातो.

मिस्त्रींनी तोवर जुनीतला मळ बोटावर घेऊन हुंगला. "हे तं जवसाचं तेल व्हय. वाळलं का डिंक होते. कोन टाकते?"

"माय."

"तिले सांग, जवस कढईत टाक म्हना. सायकलले फोडणी नाई लागत!" ते हसले.

मला हसू आलं नाही. आमच्या दाराच्या चौकटींना दरवर्षी जवसाचं तेल आईच लावायची. ते वाळतं आणि लाकडावर साल धरतं, म्हणूनच लावायची. मिस्त्रींना जे माहीत होतं ते तिलाही होतं.

जीव तोडून पायडल मारलं. तरी पोचले तेव्हा दिवा लागला होता. बाबा ओट्यावर होते.

"अटकली?"

"अटकली, पन..."

"झालं मंग."

आई चुलीपाशी भाताची पेज काढत होती. मी विचारलं, "माय, जवसाचं तेल काहून टाकलं?"

तिने भाताचं भांडं खाली ठेवलं नाही. "समजलं तं तुले. फागनात पाहुने येऊन राहिले. सायकलवर फिरनारी पोट्टी नाई पाह्यजे त्यायले."

"मंग बाबाले सांगाचं. त्यायनं बंद केलं असतं."

"आन् तू जलमभर बापावर राग धरला असता. सायकलवर कोन राग धरते?"

मी ओट्यावर जाऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "पन अटकली का नाई?"

त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. बारावी मी दोन मुलं झाल्यावर बाहेरून दिली.

आई आजारी पडली तेव्हा महिनाभर माहेरी राहिले. औषधांची यादी भिंतीला लावली, एकही गोळी चुकवली नाही. तिच्यावरचा राग मात्र तसाच होता आणि तिला तो माहीत होता. एक दिवस शेजारच्या काकू भेटायला आल्या. आई उशीला टेकून त्यांना सांगत होती, "पाहा, कसं बराबर करते सारं. बारावी झाली ना माही पोरगी. आमी शिकवलं तिले."

"बाहेरून दिली काकू, सासरहून," मी म्हटलं, आणि आईला पाणी दिलं.