आमच्या घरातला मामला

वसमतजवळच्या आमच्या गावात हळद शिजवायचे दिवस होते. माणसं रानात, गल्ली ओस. मी मशीनवर ब्लाऊज शिवत बसले होते. अचानक शेजारची सून धावत आत आली. ओठ फाटलेला, पाय अनवाणी.

"ताई, कडी लावा," एवढंच म्हणाली आणि धान्याच्या कोठीमागे जाऊन बसली.

तिच्या घरातली मारहाण साऱ्या गल्लीला ठाऊक होती. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "नवरा-बायकोचं भांडण. आपण काहून मधी पडायचं?"

मी घाईनं कडी लावली. पाठोपाठ तिचा नवरा आला. शिव्या नाहीत, आरडाओरड नाही. गोड आवाजात म्हणाला, "वैनी, दार उघडा. आमच्या घरातला मामला हाय. तुमाला उगं तकलीफ कशाला?"

फटीतून पाहिलं. हातात जळण फोडायची कुऱ्हाड. पोलिसांना फोन केला. गाडी निघतेय, म्हणाले. इकडे त्यानं दाराला खांदा लावला. बिजागरी कुरकुरली. कोठीमागे ती तोंडात पदर कोंबून बसलेली.

तेवढ्यात बाहेर बायकांचा गलका ऐकू आला. सासूबाई मजुरीच्या बायकांसोबत रानातून परतल्या होत्या. मला वाटलं, आता त्याच म्हणणार, उघड दार, जाऊ दे तिला.

"हे घर माझं हाय," त्याच्या आणि दाराच्या मधे शिरत सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, मी सांगितल्याबिगर उघडू नको."

"म्हातारे, बाजूला व्हय."

"न्हाई होत."

त्या दाराला पाठ लावून खाली बसल्या. मग एक बाई त्यांच्याजवळ येऊन बसली. मग दुसरी. हळूहळू ओटा भरला. तो तसाच उभा राहिला. पोलिसांची गाडी दिसल्यावर त्यानं कुऱ्हाड भिंतीला टेकवली.

जमादार सुरुवातीलाच म्हणाले, "समजुतीनं घ्या, बाई. नांदायचं तर हायेच."

"आधी तिला इचारा की," सासूबाई म्हणाल्या.

ती माझा दंड धरून बाहेर आली. "मला तिथं जायचं न्हाई," म्हणाली. ठाण्यावर आम्ही सगळ्याच गेलो. इतक्या बायका बघून तक्रार लिहून घेतली गेली.

ती आता डोंगरकड्याला आईकडे असते, शिवणकाम शिकतेय. तो जामिनावर सुटून शेजारीच राहतो. पाण्याला मी एकटी जात नाही.

परवा सासूबाईंना विचारलं, "आत्या, तुमाला भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं ना. पाय गळाले म्हणून तर खाली बसले."

पुढच्या महिन्यात माझी साक्ष आहे. त्याच्यासमोर बोलायचं आहे. वकीलबाई म्हणतात, घाबरू नका, जे पाहिलं तेवढंच सांगा. घरात मी ते पुन्हा पुन्हा मोठ्यानं म्हणून बघते. कुऱ्हाडीपाशी आलं की अडते, मग परत पहिल्यापासून सुरू करते.