भिंतीवरचं लेकरू

"असं पोर हवंय का तुला?"

डॉक्टरीन बाईनं पेनानं दवाखान्याच्या भिंतीवरच्या फोटोवर ठकठक केलं. मले सातवा महिना. वजन भरलं नाई, एवढाच माहा गुन्हा. मागं रांगेत बाया बसल्या होत्या. दोघीतिघी खीखी हसल्या.

फोटोत नागडं लेकरू. पोट फुगलेलं, पाय काड्या, नाकात शेंबूड. खाली मोठ्या अक्षरात, 'कुपोषण टाळा'.

ते लेकरू मी हाय.

दंडावर चुलीचा चटका बसलेला डाग फोटोत दिसते. माह्या दंडावर अजून हाय. मायनंच सांगतलं मले. गावात जीप आली, सायब उतरले. मायनं घाईघाईनं मले धुतलं, मामानं आणलेला फ्राक घातला. सायब म्हणे, "फ्रॉक काढा. नाक पुसू नका." मायले वाटलं, तपासतीन, औषध देतीन. फोटो काढला अन् गेले. माय रोज गावच्या तळ्यात, बोडीत, मासोळ्या धरून बाजारात विके, घरी आमी कण्यांची आंबील पिऊ. पोरीच्या पोटात अन्न काऊन नाई, हे कोणी विचारलं नाई.

सहावीत गुरुजीनं तोच फोटो फळ्यावर लावला. म्हणे, "माय अडाणी असली का असं होते." मी बाही खाली ओढून बसली. पुढचं काही ऐकू आलं नाई. मंग पाळी आली, अंगावर मांस चढलं, लग्न झालं. मी वाढली. ते पोर वाढलं नाई, भिंतीवर तेवढंच राह्यलं.

अन् आता बाईनं मोबाईल काढला. "पुढच्या आठवड्यात मोठे साहेब येतायत. पदर बाजूला कर, पोटाचा फोटो पाहिजे. बाळ झालं की त्याचाही काढू."

पोटातलं लेकरू हललं. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाही वर सारली अन् त्या फोटोच्या बाजूले जाऊन उभी राह्यली. म्हटलं, "बाई, हे मी हाय. माही माय अडाणी नव्हती, उपाशी होती. माह्या लेकराचा फोटो भेटणार नाई."

बाईचं तोंड लालेलाल.

"एवढा माज? मग इथं येऊ नकोस. पाण्यात अडकलीस तर दवाखान्याची गाडीही मागू नकोस."

आषाढात आमच्या नाल्यावर पाणी चढते, रस्ता बंद होते. गेल्या साली आमच्याच टोलीतली, वस्तीतली, एक बाई दवाखान्यात नेता नेता खाटेवरच मेली, पोटातल्या लेकरासकट, नाल्याच्या अलीकडंच. माहे दिवसही आषाढातच भरतेत. मले भेव वाटते, खोटं कायले बोलू? नवरा म्हणते, "जा, बाईची माफी मांगून घे. आपलं काम हाय तिच्यापाशी."

माफी नाई मांगणार. अन् घरीही नाई बाळंत होणार. पाणी चढायच्या आधीच सतरंजी घेऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन बसीन. हाकललं तं पायरीवर बसीन. पायरीवरून उठवलं तं फाटकात. सुई, खाट, गाडी, सारं घेईन. माह्या हक्काचं हाय, कोणाचे उपकार नाई. अन् माह्या लेकरापुढं कोणी मोबाईल उचलला, तं टाके ओले असले तरी उठीन अन् त्याचा हात पिरगाळीन. मंग तो सायब असो का डाक्टर.