घडी आणि ड्रायव्हर

आमच्या धुलाईघरात तिला सगळे घडी म्हणायचे. हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालाव्यात तर तिनेच. कोपऱ्याला कोपरा लागलेला, सुरकुती शोधून सापडायची नाही. बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याची बोलती बंद.

तिचा उजवा हात इस्त्रीच्या मोठ्या यंत्रात गेला, तेव्हा मी पलीकडे चादर धरायला उभी होते. ओली चादर तापलेल्या रुळांत सोडताना तिचा हात चादरीबरोबर आत ओढला गेला. तीन बोटं गेली, उरलेली दोन आखडली. नवरा सुरुवातीला रोज वॉर्डात डबा घेऊन यायचा. ती घरी गेली तसा तो घरी उशिरा यायला लागला, आणि एक दिवस म्हणाला की मला तो हात बघवत नाही. दोघं रीतसर वेगळे झाले. ती त्याला कधी शिव्या द्यायची नाही. माणूस वाईट नव्हता, म्हणायची, नुसता हलका होता, पहिल्या वाऱ्याला उडाला.

ती भावाकडे राहायला गेली. भाऊ तसा बरा, आणि वहिनी तर जीव लावणारी. पण वहिनीला कादंबऱ्यांचं वेड. वाचनालयातून प्रेमकथा आणायच्या, भाजी चिरता चिरता वाचायच्या आणि जेवताना सगळ्यांना सांगायच्या. त्या सुमारास तिने एक वाचली होती, त्यात दोन होरपळलेली माणसं भेटतात आणि एकमेकांच्या प्रेमाने बरी होतात. गोष्ट सांगून झाली की वहिनी नणंदेकडे असं बघायची, की भावाला ठसका लागायचा.

हाताच्या व्यायामासाठी घडी हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर जायची. रबरी चेंडू दाबायचा, वाटीतले वाटाणे दोन बोटांनी उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. एकदा वाटी कलंडली आणि वाटाणे खोलीभर पसरले. पलीकडे दोन दांड्यांना धरून एक माणूस पाऊल टाकायला शिकत होता. तो तिथेच थांबला आणि म्हणाला, "सावकाश वेचा. मला या टोकाला पोचायला तसाही वेळ लागणार आहे."

अपघातानंतर ती पहिल्यांदा हसली ती तिथे. आम्हाला खाली येऊन सांगितलं, तेव्हाही हसत होती.

तो बसचा ड्रायव्हर होता. शाळेला सुट्टी म्हणून मुलीला फेरीवर बरोबर नेलं होतं. तिला पुढे, त्याच्या बाजूला बसायचं होतं. उतारावर समोरून ट्रक आला, बस कडेला जाऊन उलटली. बाकी सगळे थोडक्यात वाचले. त्याचा पाय चिरडला, आणि मुलगी गेली. चौकशीत त्याची चूक निघाली नाही. बायको त्याला एका शब्दाने बोलली नाही. फक्त माहेरी गेली आणि परत आली नाही. वर्षभराने तीही दोघं रीतसर वेगळी झाली. हे सगळं त्याने घडीला बाकावर बसून, चहा निवेपर्यंत, एका सुरात सांगितलं होतं.

पुढे दोघांनीही डॉक्टरांच्या मागे लागून आपले व्यायाम एकाच वेळी ठेवून घेतले. धुलाईघरात चेष्टा सुरू झाली. एकीचा हात, एकाचा पाय, दोघांत मिळून एक धड माणूस होईल, असं कुणीतरी म्हणालं. घडीने ते ऐकलं आणि म्हणाली, "होईल तेव्हा होईल, तोवर तू आपलं धड सांभाळ." वहिनीच्या तर पायाला भिंगरी लागली. कचेरीत सह्या करून त्यांचं लग्न झालं. घडीने डाव्या हाताने सही केली, वेडीवाकडी.

पहिलं वर्ष बरं गेलं. त्याला डेपोत खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा सांगायचं काम मिळालं. ती डाव्या हाताने घड्या घालायला शिकली. संध्याकाळी तो कणीक मळायचा, ती पोळ्या लाटायची. लाटणं एका बाजूला जायचं आणि पोळी नकाशासारखी व्हायची. तो विचारायचा, आज कुठला देश? ती मला सांगायची तेव्हा मला वाटायचं, वहिनीच्या पुस्तकात तथ्य असावं.

पण तो मनापासून हसला, की दुसऱ्या दिवशी गप्प व्हायचा. पहिल्यांदा तिने ते अंगावर घेतलं नाही. मग तिला क्रम कळला. गोडधोड केलं, बाहेर फिरून आले, की रात्री त्याचं जेवण ताटात तसंच. सुख त्याला चोरल्यासारखं वाटायचं. तिने आपल्याला मूल होऊ देण्याचा विषय काढला. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. उठून अंघोळीला गेला आणि पाणी वाहत राहिलं. मुलीबद्दल ती विचारायची तर तो एखादं वाक्य बोलायचा आणि थांबायचा. घडीने त्या मुलीला बघितलंच नव्हतं. तिला काय सांगायचं आणि कुठून, हे त्याला कळत नसावं. जीव लावत होता, पण हातचं राखून.

मग त्याच्या पहिल्या बायकोची आई वारली. निरोप आला. जावं की नाही, हे त्याला ठरवता येईना, तेव्हा घडीनेच त्याला पाठवलं, शर्ट काढून दिला. परतल्यावर तो भूक लागली म्हणाला आणि पोटभर जेवला. पुढे दर रविवारी तो तिकडे जायला लागला. लपवून नाही, सांगून जायचा, वेळेत यायचा. मला राहवलं नाही, मी म्हटलं, तू हातावर हात धरून बसणार आहेस का? ती म्हणाली, धरायला दुसरा आहे कुठे.

एका रविवारी ती त्याच्याबरोबर गेली. पहिल्या बायकोने तिला आदराने बसवलं, चहा दिला, हाताकडे बघितलं आणि नजर चोरली नाही. मग त्या दोघांचं बोलणं निघालं. मुलगी मांजराला पावडर लावायची. बसचा भोंगा तोंडाने वाजवत घरभर फिरायची. एक अर्धं बोलायचा, दुसरी पुरं करायची. दोघं हसत होते आणि दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कुणी पुसतही नव्हतं. आपल्या घरात एवढी वर्षं हा माणूस असा एकदाही रडला नाही, हे घडीला त्या खुर्चीत बसल्या बसल्या लक्षात आलं.

पुढचे काही महिने तिने वाट बघितली. मग एका सकाळी चहा घेताना म्हणाली, "तुम्ही तिकडे राहायला जा."

तो म्हणाला, "तुला सोडून नाही जायचा मी. तू माझ्यासाठी इतकं केलंस."

"तेच म्हणते मी. केलेल्यासाठी राहू नका."

त्याने खूप समजावलं. जाणार नाही म्हणाला, तिच्या हातावर हात ठेवला, रडला मात्र नाही. पण तिला त्याच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते दिसलं. तो आठवडाभराने गेला. बॅग तिने भरली.

वहिनी फार रडली. मीच तुला यात ढकललं, म्हणायला लागली. घडीनेच तिची समजूत काढली, आणि ती भावाकडे परत गेली नाही.

तो आता बरा आहे. पाय दाखवायला येतो तेव्हा मी बघते, अंगाने भरलाय, लोकांशी बोलतो. खाली येऊन तिला विचारून जातो, हात कसा आहे. ती ठीक म्हणते. मी एकदा विचारलं, तुला त्याचा राग येत नाही? तिने हातातली चादर झटकली.

"राग कशाचा? तो बरा झाला. मला वाटलं होतं, मीही होईन."

थंडीत तिचा हात ठणकतो, नसलेली बोटंसुद्धा. त्यावर औषध नाही, असं डॉक्टर म्हणतात. खोलीत एकटी असते, स्वतःपुरतं रांधते, रविवारी दार लावून झोपते. परवा आम्ही तिला आमच्याकडे जेवायला बोलावलं. येते म्हणाली, आणि आली नाही.