ओहोटीच्या दिवशी मबरूकावहिनी

उन्हाळाभर शिंपले काढायला बंदी होती, ती त्या सकाळी उठली. पाणी मागे हटलं की दुपारपर्यंतचाच वेळ, आणि वहिनीच्या घरी पिठाचा डबा तळाला गेलेला. मी तिची नणंद, माझी गत काही निराळी नव्हती. विळे, पाट्या घेऊन आम्ही बायका अक्षरशः पळत निघालो. शिंपल्यांचा वर्षातला पहिला दिवस.

किनाऱ्यावर बघते तर मंडप, खुर्च्या, कॅमेरे आणि समुद्रापलीकडच्या, उत्तरेकडच्या कुठल्याशा देशातली एक पुढारीणबाई. तिकडे निवडणूक तोंडावर आलेली. आमच्या पोरांना आपल्या देशात पाऊल टाकू द्यायचं नाही, हे तिचं मतदारांना वचन. आम्हा बायकांवर मात्र माया नुसती उतू चाललेली. तिचं भाषण संपेना आणि समुद्र तर केव्हाचा मागे गेलेला.

शेवटी तिने वहिनीपुढे माइक धरला. दुभाषी मुलगी म्हणाली, "खाला, तुमचे पुरुष तुम्हाला कोंडून ठेवतात, एवढं कॅमेऱ्यात सांगा, असं बाई म्हणतायत."

वहिनीने मागे वळून पाहिलं. माझा भाऊ बेल्गासम गाढवावर रिकामी पोती बांधत होता.

"हा कोंडणार मला? ह्याला घरची कोंबडी कोंडता येत नाही."

बायका खो-खो हसल्या. भाऊही हसला, जरा ओशाळूनच.

"आमची भांडणं आहेत, नाहीत असं नाही," वहिनी म्हणाली. "पण ती मी घरी भांडेन. हिच्या मतांसाठी कशाला भांडू?"

आणि ओचा खोचून ती चालू लागली. तिच्यामागे आम्ही सगळ्याजणी. उशीर झाला असता तर पलीकडच्या गावच्या बायकांनी आमच्यासाठी वाळूसुद्धा ठेवली नसती. मला तर इतका आनंद झाला होता की पायातली चप्पल कुठे राहिली तेही कळलं नाही.

ओल्या वाळूत शेजारी-शेजारी दोन बारीक भोकं दिसली की खाली शिंपला असतो. वहिनी वाकून भोकं शोधत होती, तेवढ्यात पुढारीणबाई बूट चिखलात रुतवत, धापा टाकत तिच्यासमोर येऊन उभी राहिली. मागे कॅमेरा आणि दुभाषी मुलगी होतीच.

"मग आमच्याकडून तुम्हाला हवंय तरी काय?" तिने विचारलं. सकाळपासूनचा तिचा हा पहिलाच प्रश्न.

वहिनीने विळ्याचं टोक तिच्या बुटाजवळ टेकवलं.

"सरका, बाई. शिंपल्यांवर उभ्या आहात."