अंधारात फिरणारं जातं

आता काय सांगू तुम्हाला, नवस बोलताना माणसानं देवीला सगळं नीट फोडून सांगावं! मी बोलले होते, "आई, माझी गोदी आपणहून दळायला उठू दे, वर्षभर मंगळवार अळणी करीन." कोणत्या वेळी उठू दे, ते सांगायचं राहिलं. फजितीचं मूळ तिथंच!

तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं. आम्ही मोताळ्याला राहत होतो. गोदी, माझी मोठी लेक, पंधराव्या वर्षात. पहाटे तिला हलवा, तोंडावर पाणी शिंपडा, पोर हलायची नाही. उठलीच तर दुपारपर्यंत असा चेहरा, जणू आम्हीच हिच्या घरी फुकटचे राहतोय! आणि दिवेलागण झाली की हीच पोर फुलायची. नकला काय, हसणं काय! सगळं घर पेंगायचं, हिचे डोळे मांजरीसारखे लखलखीत.

पितृपक्षात यजमानांच्या आत्याबाई देऊळघाटहून आल्या. दोन दिवस गोदीला न्याहाळलं आणि निकाल दिला.

"दिवसा मेल्यावानी पडते, राती डोये उघडते. पोरीले बाहेरचं लागलं वो! अवसेले भगताकडे नेऊ. तापल्या उलथन्याचा चटका देला का उतरते."

"चटका? लेकराले?"

"मंग काय, ओवाळाचं तिले?"

यजमान आत्याबाईंपुढे ब्र काढत नसत. गोदी खांबाआड उभी राहून सगळं ऐकत होती. तशीच आत गेली.

त्याच रात्री मला जाग आली. घरर्... घरर्... माजघरात जातं फिरत होतं. दिवा नाही, चिमणी नाही. आणि जात्यावर कुणीतरी हलकं हलकं गुणगुणत होतं. चाल माझ्या सासूबाईंची! सासूबाईंचं तर वर्षश्राद्धही होऊन गेलेलं. बाहेर एक कुत्रं लांब सुरात रडलं. अंगावर सर्रकन काटा आला हो!

शहाण्या बाईनं आधी लेकीचं अंथरूण चाचपलं असतं. मी? मी पदर पसरून उंबरठ्यावर डोकं टेकलं.

"सासूबाई, काही राह्यलं का तुमचं?"

जातं थांबलं. नुसता अंधार श्वास घेत होता. मग घोगरा आवाज आला, "पोरीले पहाटे उठवू नको."

"नाही उठवत."

"चटका देशीन तं याद राख! अन् त्या आत्याबाईले म्हण, देऊळघाटले जाय."

"सांगते. अजून काही?"

आत जरा विचार झाला. "तिळाचे लाडू. कडक."

आता सासूबाईंच्या तोंडात शेवटी औषधालाही दात नव्हता! पण मला वाटलं, वर गेल्यावर नवे येत असतील.

निरोप ऐकून आत्याबाई पांढऱ्याफटक पडल्या. "वयनीनं जितेपनीही मले इथं टिकू देलं नाही!" म्हणत मिळेल त्या छकड्यात बसल्या.

मग काय! रोज रात्री मी लाडू ठेवायची. सकाळी वाटी रिकामी, पिठाची टोपली भरलेली. गोदी उन्हं अंगणात आली की उठायची, आणि चक्क हसत उठायची! मी हे अख्ख्या आळीला सांगितलं. बाया जात्याला हळद-कुंकू वाहून गेल्या. शेजारच्या मुसलमान खाला ज्वारीची टोपली घेऊन आल्या, "तुमच्या सासूले जमत असन तं एवढं बी."

सर्वपित्रीच्या रात्री मी हात जोडून दाराबाहेर बसले होते. आत एकाएकी जोराचा ठसका लागला.

"आई! पाणी!"

माझे डोळे भरून आले. सासूबाईंनी जन्मात मला 'ए' सोडून हाक मारली नव्हती. मरणानं माणूस किती मऊ होतं! रडत रडत तांब्या नेला, अंधारातच पायांवर डोकं ठेवलं. कपाळाला पैंजण टोचले.

काडी ओढली. समोर गोदी. भुवया पिठानं पांढऱ्या, तोंडात अर्धा लाडू.

"पाया काऊन पडून राह्यली वो आई? पाणी दे ना आधी!"

पाणी पिऊन हळूच म्हणाली, "पहाटे डोकंच नाही चालत माझं. समद्यांवर राग येते. राती मन बरं राह्यते, म्हणून रातीच दळलं. आता चटका देता का?"

मी तिला पोटाशी धरलं. चटका कसला! आणि रागावणार कोणत्या तोंडानं? पोटच्या पोरीच्या पाया पडले, हे आळीत सांगायचं होतं का?

तेव्हा बायांनो, तुमच्याही घरी रात्री फुलणारं एखादं लेकरू असेल, तर एवढं कराच. पहाटे त्याला झोपू द्या, वाटीत चार लाडू झाकून ठेवा. फक्त पाया पडायच्या आधी तेवढी चिमणी लावा!