काकूंनी तपासलेला कॉम्प्युटर

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. या धंद्यात दुसऱ्याचं कौतुक करायची सवय राहत नाही. ज्याच्या घरी जावं त्याचं काहीतरी बिघडलेलं असतं, आणि बहुतेक वेळा त्यानंच ते बिघडवलेलं असतं. तरी एका घरी मी मनातल्या मनात हात जोडले, ते सांगतो.

त्या बाईंना मी काकू म्हणतो. नात्यातल्या नाहीत. माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. वय बहात्तर, अंगानं किरकोळ, बोलणं मोजकं. एका छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. म्हणजे पुस्तक छापायच्या आधी कच्च्या पानांतल्या चुका शोधायच्या. शिशाचे खिळे हातानं जुळवायचे त्या काळात त्या कामाला लागल्या आणि कॉम्प्युटर आल्यावर निवृत्त झाल्या. पण निवृत्ती कसली, छापखाना सुटला आणि काम घरी येऊ लागलं. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून टेबल, त्यावर कॉम्प्युटर, शेजारी स्टीलची पट्टी, एक भिंग आणि लाल पेनं उभी करून ठेवलेला पेला.

त्याच खोलीत काका आरामखुर्चीत बसलेले असायचे. काकूंचे यजमान. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. हातपाय सावरले, पण शब्द सापडेनासे झाले. पाणी हवं असलं की ते ‘खिडकी’ म्हणायचे, आणि आपण चुकलो हे त्यांनाच आधी कळायचं. शेवटी त्यांनी बोलणंच सोडून दिलं. मी त्या घरी जायला लागलो तेव्हापासून त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

तर त्या कॉम्प्युटरला व्हायरसची लागण झाली. काकू पानाची तपासणी करत असल्या की पडद्यावर मध्येच एक खिडकी उघडायची आणि वजन कमी करायची औषधं दाखवायची. “मी आधीच काडी झालेय, हा मला कुठं अजून वाळवतोय,” काकू म्हणाल्या. तिथवर ठीक होतं. पण त्यांच्या नावानं लोकांना मेलही जायला लागले, त्यांनी न लिहिलेले. प्रकाशकाकडून निरोप आला, की मशीन स्वच्छ झाल्याशिवाय काही पाठवू नका, आम्ही उघडणार नाही. आणि शुक्रवारी परिचारिकांच्या हस्तपुस्तिकेची शेवटची पानं द्यायची होती.

लागण कशी झाली हे काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलून देणारा फुकटचा प्रोग्राम त्यांनी उतरवून घेतला होता. “माझीच चूक. लिहून ठेव,” म्हणाल्या. इतकं सरळ सांगणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नव्हतं.

मी साफ करणारा प्रोग्राम चालवला. सतरा गोष्टी सापडल्या, सगळ्या काढल्या. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. पुन्हा गेलो, दुसरा प्रोग्राम चालवला. दोन दिवस शांत, तिसऱ्या दिवशी औषधं परत. तिसऱ्या खेपेला मी अख्खी दुपार घालवली आणि शेवटी हात टेकले.

“काकू, फॉरमॅट मारावा लागेल. सगळं पुसून पहिल्यापासून.”

“अक्षरं राहतील?”

ही त्यांची अडचण मला माहीत होती. त्यांच्या मशीनवर छापखान्याच्या काळातलं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर होतं. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, सीडी हरवली होती. बावीस वर्षांचं काम त्याच अक्षरांत होतं, हस्तपुस्तिकेच्या आधीच्या चार आवृत्त्यांसकट. सॉफ्टवेअर गेलं तर त्या फाइली उघडतील, पण पानभर मुंग्या फिरल्यासारखं दिसेल.

“नाही राहणार,” मी म्हटलं.

“मग पुसायचं नाही.” त्या पडद्याकडे वळल्या. “तू तपासतोस ते कशाशी ताडून?”

“म्हणजे?”

“मूळ प्रत कुठाय? प्रूफ तपासताना शेजारी मूळ प्रत लागते. तिच्याशी ओळ न् ओळ ताडायची. नुसतं पान बघून हे बरोबर वाटतंय, ते चूक वाटतंय, असं म्हणणं याला तपासणं म्हणत नाहीत.”

मी म्हटलं, मूळ प्रत अशी काही नसते, तो साफ करणारा प्रोग्रामच ठरवतो.

“त्याला तरी काय, चुकांची यादी दिलेली असणार. जी चूक यादीत नाही ती त्याला दिसणार नाही.”

ते शंभर टक्के खरं होतं.

माझ्या दुकानात त्याच वर्षीचं, त्याच जातीचं एक मशीन होतं, लागण न झालेलं. त्यावर आपोआप चालणाऱ्या सगळ्या प्रोग्रामांची यादी मी छापून घेतली. तशीच यादी काकूंच्या मशीनची काढली. बारीक टायपातली चौदा-चौदा पानं. बुधवारी सकाळी दहाला ती घेऊन गेलो तेव्हा काकूंनी टेबल मोकळं करून ठेवलं होतं.

“निरोगी यादी तू वाच. मी आजारी बघते.”

मी वाचायला लागलो. चार ओळी होतात तोच त्यांनी पट्टी टेबलावर आपटली.

“शब्द वाचू नकोस. अक्षर वाच. शब्द वाचला की डोळा अर्धंच बघतो आणि उरलेलं मन भरून टाकतं. म्हणून तर चुका राहतात.”

मी अक्षरं वाचायला लागलो. अर्ध्या पानात तीनदा घसरलो. एकदा तर अख्खी ओळ गाळली. काकू चिडल्या नाहीत, फक्त दर वेळी माझ्याकडे बघायच्या, आणि ते जास्त लागायचं. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काका उठून आले होते. त्यांनी माझ्यापुढे हात केला. मला काही कळेना.

“दे त्यांना,” काकू हळू म्हणाल्या.

काका माझ्या जागी बसले, कागद सरळ केला, बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि वाचू लागले. ए, सी, सी, ई, एस, एस. ठिपका. मोठा डी. खालची रेघ. आवाज सपाट, एका लयीत, ना वर ना खाली. एकही अक्षर अडलं नाही.

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. ज्या माणसाला पाणी मागता येत नव्हतं तो माझ्यासमोर मिनिटाला शंभर-सव्वाशे अक्षरं बिनचूक वाचत होता. मी काकूंकडे पाहिलं. त्यांची मान खाली होती. पट्टी एकेक ओळ खाली सरकत होती, पेन उजव्या हातात तयार होतं. पान संपल्यावर त्या म्हणाल्या, “एकोणतीस वर्षं हे वाचायचे आणि मी तपासायची. एकाच टेबलावर. तिथंच ओळख झाली.” आणि मग, “पुढचं पान, अहो.”

मला दुसरं काम नव्हतं. मी स्टुलावर बसून राहिलो. काकूंच्या मशीनवर जास्तीच्या ओळी होत्याच, प्रिंटरच्या, जुन्या अक्षरांच्या. तशी ओळ आली की काकू बोट वर करायच्या, काका थांबायचे, मी सांगायचो ही कशाची आहे, त्या खूण करायच्या, पुन्हा वाचन सुरू. माझ्या कानात ती अक्षरं गिरणीसारखी घुमायला लागली. अकरा वाजले, बारा वाजले. दोघांपैकी कुणी मान वर केली नाही. खालच्या रस्त्यावर ट्रकमधून लोखंडी सळ्या उतरवत होते, त्याचा धडाका चालला होता. तोही त्यांना ऐकू येत नसावा.

मध्ये एकदाच काका पाणी प्यायला थांबले. तेवढ्यात मी विचारलं, इतकं सगळं करून कधी हाताशी काही लागलंय का. काकूंनी सांगितलं, की याच हस्तपुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीत लहान मुलांच्या एका औषधाचं प्रमाण दोन पूर्णांक पाच होतं आणि पानावर पंचवीस आलं होतं. मधला ठिपका गळला होता. लिहिणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः ते पान पाहून सही केली होती. छपाईचं मशीन सुरू झालं होतं. “मी जाऊन बंद करायला लावलं. फोरमन माझ्यावर ओरडला. ठिपका दाखवल्यावर तो खालीच बसला.”

“तुम्हाला कसं दिसलं?”

“मला नाही दिसलं. यांनी ‘ठिपका’ म्हटलं, आणि माझ्याकडे ठिपका नव्हता.”

बाराव्या पानावर ‘सिस्टम’ या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळी आल्या. अशा ओळी प्रत्येक मशीनवर असतात, माझ्या तर पाठ आहेत. काकांनी बारा वाचल्या आणि टी अक्षरावर गेले. काकूंनी बोट वर केलं.

“माझ्याकडे अजून एक आहे.”

मी वाकून पाहिलं. “सिस्टमच आहे, काकू. मशीनचीच.”

“वाच.”

“एस, वाय, एस, टी, ई, एम.”

“एम नाहीये तो.” त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. “आर आहे. त्याला चिकटून एन आहे.”

मी भिंगातून पाहिलं. आर आणि एन. खेटून उभे राहिले की एम वाटावा असे. हे नाव मी त्या आठवड्यात तीन वेळा पडद्यावर पाहिलं होतं, बोट ठेवून पुढे गेलो होतो. दिवसाला शंभर वेळा जो शब्द दिसतो त्याचे कपडे घालून ते तिथं बसलं होतं. ज्यानं हे बनवलं त्यानं माझ्यासारख्या माणसाच्या डोळ्याचा अंदाज बरोबर घेतला होता. त्याच्या हिशोबात अशी बाई नव्हती.

मी ती फाइल पुसली. काकू म्हणाल्या, थांब, घाई नको. आम्ही थांबलो. दहा मिनिटांनी ती परत तिथंच होती, त्याच नावानं.

माझा चेहरा पडला असणार. काकूंचा नाही पडला.

“खिळ्यांच्या वेळी असं व्हायचं,” त्या म्हणाल्या. “पहिल्या प्रुफात ‘ब’ चुकला म्हणून दुरुस्त करायला द्यावा, तर दुसऱ्या प्रुफात तीच चूक. मग खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला शिव्या घालून उपयोग नसतो. कुणीतरी ‘ब’च्या खणात ‘व’चे खिळे टाकलेले असतात. तो बिचारा बरोबर खणातूनच उचलतो. चूक पानात नसते रे, खणात असते. याचा खण कुठला?”

तेव्हा माझं डोकं चाललं. मशीनला ठरल्या वेळी ठरलेली कामं आपोआप करायची एक वेगळी यादी असते, वेळापत्रकच म्हणा. मी तीही पाहिली होती, पण नजरेनं, आणि तिथली सगळी नावं सज्जन होती. आता दोन्ही मशीनची वेळापत्रकं छापून आणली. तीन-तीन पानं. काका पुन्हा वाचायला बसले. एव्हाना त्यांचा आवाज घोगरा झाला होता, पण लय तीच.

दुसऱ्या पानावर काकूंनी पट्टी आडवी न ठेवता उभी लावली. एका कामाच्या नावात तीन शब्द होते, तिन्ही बरोबर, अक्षरही बरोबर. “इथं दोन शब्दांमध्ये जागा जास्त आहे,” त्या म्हणाल्या. “बाकी सगळीकडे एक सोडलीय, इथं दोन.” तेच काम काकांच्या यादीत आधी येऊन गेलं होतं, एक जागा सोडलेलं. हे दुसरं होतं, त्याचं नाव चोरलेलं. मी मशीनवर उघडून पाहिलं. दर दहा मिनिटांनी ते बघायचं, की आपली फाइल जागेवर आहे ना. नसली तर इंटरनेटवरून नवी आणून ठेवायचं.

त्यापुढचं काम माझं होतं आणि ते मी जीव ओतून केलं. आधी इंटरनेटची वायर काढली. मग ते काम वेळापत्रकातून पुसलं, मग फाइल, मग ती मशीनबरोबर सुरू व्हावी म्हणून केलेली नोंद. मशीन बंद करून चालू केलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. वायर लावली. तासभर आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. औषधं आली नाहीत, काही आलं नाही. काकूंनी जुनी अक्षरं उघडून पाहिली. सगळी शाबूत होती. त्यांचे सगळे पासवर्ड मी माझ्या फोनवरून बदलून दिले, कारण जुने कुणाकडे गेले असतील याचा नेम नव्हता.

काकांनी कागद एकावर एक नीट रचले, कडा जुळवल्या, आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मी त्यांना म्हटलं, “काका, आज तुमच्यामुळे झालं.” त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, शब्द आला नाही, आणि ते हसले.

मी दारात चपला घालत होतो तेव्हा काकू म्हणाल्या, “तुझ्या पाटीवर ‘दुरूस्ती’ लिहिलंय. रु ऱ्हस्व हवा.”

“अकरा वर्षं झाली पाटीला, काकू. कधी बोलला नाहीत.”

“तू विचारलं नाहीस.”

पानं शुक्रवारी गेली. त्या रात्री जेवण झाल्यावर मी घरी एक पुस्तक घेतलं आणि अक्षर अक्षर वाचायचा प्रयत्न केला. चौथ्या ओळीवर माझ्या लक्षात आलं, की मी केव्हाच शब्द वाचायला लागलो आहे. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिसऱ्या-चौथ्या ओळीला तेच. चौतीस वर्षं, रोज आठ तास, हे कुणी कसं करत असेल याचा विचार करत बसलो.

पावणेदोन महिन्यांनी कीबोर्डची एक कळ अडकते म्हणून काकूंचा फोन आला. जिना चढून गेलो तर दार नुसतं लोटलेलं होतं. आतून काकांचा आवाज येत होता. नव्या पुस्तकाची प्रुफं असावीत. स्वल्पविराम, ते म्हणत होते, नवा परिच्छेद. बोलणं काही परतलं नव्हतं, हे काकूंनी फोनवर सांगितलं होतं. मागायला गेले तर पाण्याला अजून खिडकीच म्हणतात. पण रोज सकाळी दोन तास ते टेबलाशी येऊन बसतात.

मी बेल दाबली नाही. त्यांचं पान संपेपर्यंत जिन्यात उभा राहिलो.